फक्त दोनच उरले!



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि आमच्या चौथीच्या वर्गातला एक आवाज बंद झाला. एरवी हा मुलगा म्हणजे वर्गाचा भोंगा. मी प्रश्न विचारायच्या आतच त्याचा हात वर. “बाई, मी सांगू? बाई, मी?” असं त्याचं सारखं चाललेलं. पण त्या आठवड्यात तो मागच्या बाकावर जाऊन बसला. खिचडी अर्धी टाकून उठला. मधल्या सुट्टीत लगोरीचा डाव रंगला, तरी हा आपला भिंतीला टेकून उभा. त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. ही गोष्ट वाचून झाली की तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल, अरेच्चा, हे तर माझंच नाव!

तिसऱ्या दिवशी त्याची आई वर्गाच्या दाराशी आली. ती घरी शिवणकाम करते. डोळे रडून लाल झालेले.

“बाई, यानं माझ्या खात्यातले सव्वासहाशे रुपये घालवले. चार ब्लाउजांची शिलाई गेली माझी. आणि तीन महिने एका शब्दानं बोलला नाही हो!”

मी दोघांना ऑफिसात नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि सगळं विचारून घेतलं. झालं होतं ते असं.

गणपतीच्या दिवसांत त्याच्या धाकट्या बहिणीचा वाढदिवस असतो. आईच्या मोबाइलवर गेम खेळताना मध्येच एक जाहिरात आली. रिमोटवर पळणारी लाल गाडी, फक्त ९९ रुपयांत! खाली एक घड्याळ उलटं पळत होतं. चार मिनिटं एकोणसाठ सेकंद, अठ्ठावन्न सेकंद, सत्तावन्न... आणि त्याखाली लाल अक्षरांत, ‘फक्त २ शिल्लक!’ याच्या डब्यात खाऊचे साठवलेले एकशेदहा रुपये होते. त्यानं मनात हिशेब केला, आता घेऊ, नंतर आईला डब्यातले पैसे देऊ. आईचा पिन त्याला पाठ, कारण दुकानदाराला पैसे पाठवायचे असले की आई यालाच सांगते. त्यानं बटण दाबलं.

शेवटच्या पानावर ९९ चे १७८ झाले होते. ४९ रुपये घरपोच आणण्याचे आणि ३० रुपये कसलेसे हाताळणीचे. पण घड्याळात तेव्हा चाळीसच सेकंद उरले होते. त्यानं पिन टाकला. त्याच पानावर एका छोट्या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती. ‘क्लबचे सभासद व्हा, पहिले ७ दिवस मोफत.’ ती त्यानं पाहिलीच नाही. त्या मोफत सात दिवसांनंतर आईच्या खात्यातून दर महिन्याला १४९ रुपये जायला लागले. तीन महिने गेले. तुम्हीच मांडा हिशेब. १४९ गुणिले ३, म्हणजे ४४७. त्यात १७८ मिळवा. ६२५!

आणि गाडी? ती आली, तळहाताएवढी. रिमोट नव्हताच. जाहिरातीत एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘रिमोट वेगळा.’

आई कामाला निघून गेली. पोरगं तिथेच उभं होतं. खाली बघत म्हणालं, “बाई, मी चोर आहे का?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. दोस्तांनो, काही प्रश्नांना घाईनं उत्तर देऊ नये. मी म्हटलं, “उद्या वर्गात आपण सगळे मिळून शोधू. तुझं नाव घेणार नाही. चालेल?” त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला मी फळ्यावर मोबाइलएवढा नव्हे, चांगला दरवाजाएवढा चौकोन काढला. त्यात ती जाहिरात लिहिली, घड्याळासकट. म्हटलं, “यात फसवाफसवी कुठे कुठे आहे ते शोधा. सापडेल त्यानं खडूनं गोल करायचा.”

एका मुलीनं पहिल्याच झटक्यात विचारलं, “बाई, पाच मिनिटं संपल्यावर काय होतं?”

शाब्बास! मीही आदल्या दिवशी त्या मुलाच्या आईबरोबर बसून तेच पान उघडून पाहिलं होतं. घड्याळ शून्यावर आलं, आणि पुन्हा पाच मिनिटांवर जाऊन पळायला लागलं! आणि गणपतीत ‘फक्त २ शिल्लक’ असलेल्या गाड्या दिवाळी झाली तरी ‘फक्त २ शिल्लक’च होत्या. वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरचा मुलगाही थोडासा हसला, ते मी पाहिलं.

आमच्या गावचा बाजार बुधवारी भरतो. तिथे काकडीवाले मामाही ओरडतातच, “घ्या घ्या, संपत आली, संपत आली!” पण मामांच्या पुढ्यात ढीग असतो. तो आपल्याला दिसतो. काकडी हातात घेता येते, वाकडी असली तर परत ठेवता येते. आणि पैसे दिल्यावर मामा पुढच्या बुधवारी आपल्या घरी येऊन आणखी पैसे मागत नाहीत. मोबाइलवर ढीग दिसत नाही. दुकानदार जे सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. म्हणून तिथे खरं बोलण्याची जबाबदारी दुकानदारावर जास्त येते. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही बरं का. कायदाही तसंच म्हणतो.

आपल्या देशात २०१९ साली नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला. जुना होता १९८६ चा. तेव्हा मोबाइलवरची दुकानं नव्हती. नव्या कायद्याप्रमाणे २०२० साली ‘केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण’ नावाचं एक सरकारी कार्यालय सुरू झालं. या प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन दुकानांच्या तेरा युक्त्यांची यादीच जाहीर केली आणि सांगितलं की या वापरायच्या नाहीत. इंग्रजीत त्यांना ‘डार्क पॅटर्न्स’ म्हणतात. आम्ही वर्गात म्हटलं, ‘अंधारातल्या युक्त्या’. त्यांतल्या काहींना मुलांनी मराठी नावं पाडली. ती अशी :

खोटी घाई. खोटं घड्याळ लावायचं, ‘दोनच उरले’ म्हणायचं, म्हणजे गिऱ्हाईक विचार करायचं विसरतं.

टोपलीत गुपचूप. तुम्ही मागितलेलं नसताना तुमच्या खरेदीत आणखी काहीतरी घालायचं. आपल्या गोष्टीतली आधीच केलेली खूण आठवते ना? २०२० च्या ऑनलाइन व्यापाराच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की अशी आधीच केलेली खूण म्हणजे ग्राहकाची संमती नव्हे. संमती आपण स्वतः द्यायची असते.

थेंब थेंब किंमत. ९९ सांगायचे आणि शेवटच्या पानावर १७८ करायचे. घरपोच आणण्याचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण ते आधी सांगा ना!

वर्गणीचा सापळा. आत जायला मोठा दरवाजा, बाहेर पडायला उंदराचं बीळ. सभासद व्हायला एक बटण आणि सोडायला दहा पानं.

लाजवणं. नको म्हणायचं असेल तर बटणावर लिहिलेलं असतं, ‘नको, मला पैसे वाचवायला आवडत नाही.’ म्हणजे नको म्हणणाराच बावळट!

आमिष एक, माल दुसरा. जाहिरातीत रिमोटची गाडी, खोक्यात बिनरिमोटची.

वेष बदललेली जाहिरात. ही ओळखायला सगळ्यांत अवघड.

या शेवटच्या युक्तीपाशी एक मुलगा म्हणाला, “पण बाई, एका दादानं व्हिडिओत ती गाडी खोक्यातून काढून चालवून दाखवली होती. तो काय दुकानदार नव्हता.” हे बोलणारा मुलगा कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. मागच्या बाकावरून हात वर झाला होता!

मी विचारलं, “त्या दादाला गाडी कुणी दिली? त्यानं विकत घेतली की कंपनीनं फुकट पाठवली?” वर्ग गप्प. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोस्तांनो, पैसे घेऊन एखाद्या वस्तूची तारीफ करणं हा गुन्हा नाही. क्रिकेटपटू आणि नट ते कधीपासून करत आले आहेत. पण पैसे घेऊन ‘मी आपला सहज सांगतोय’ असं दाखवणं ही लबाडी आहे. म्हणून सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये अशा दादा-ताईंसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल, बक्षीस, काहीही घेतलं असेल तर ‘ही जाहिरात आहे’ असं स्पष्ट सांगायचं. व्हिडिओ असेल तर लिहूनही दाखवायचं आणि तोंडानंही बोलायचं. ज्या भाषेत तारीफ, त्याच भाषेत खुलासा. मराठीत कौतुक करून इंग्रजीत पुटपुटायचं नाही! खोटी जाहिरात केली तर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आणि तारीफ करणाऱ्यावर वर्षभर जाहिरात करायची बंदीही येऊ शकते.

मग राहिली ती मुंगीची अक्षरं, ‘रिमोट वेगळा’. त्यावर मी मुलांना एक खरी घडलेली हकिगत सांगितली. मोबाइलवरून रिक्षा बोलावण्याची सोय देणारी ‘रॅपिडो’ ही कंपनी तुम्हांला माहीत असेल. तिची जाहिरात होती, ‘५ मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये मिळवा.’ वाचणाऱ्याला वाटणार, उशीर झाला की पन्नास रुपये हातात. प्रत्यक्षात काय होतं? पन्नास नव्हे, ‘पन्नासपर्यंत’. आणि रुपये नव्हेतच, कंपनीची ‘नाणी’. तीही फक्त दुचाकीच्या फेरीसाठी आणि सात दिवसांत वापरली तरच! या अटी वाचता न येण्याएवढ्या बारीक अक्षरांत होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये प्राधिकरणानं कंपनीला दहा लाखांचा दंड केला आणि ज्या ग्राहकांना पन्नास रुपये मिळाले नव्हते त्यांना ते द्यायला सांगितलं. २०२२ च्या जाहिरातींच्या नियमांत लिहिलेलं आहे की मोठ्या अक्षरांत जे कबूल केलं, ते बारीक अक्षरांत काढून घ्यायचं नाही.

“पर्यंत” हा किती छोटा शब्द आहे पाहा! पण तो जिथे दिसेल तिथे थांबायचं. ‘८०% पर्यंत सूट’ म्हणजे एखाद्या वस्तूवर ८० आणि बाकी सगळ्यांवर ५ सुद्धा असू शकते.

एव्हाना मुलांना चेव चढला होता. “बाई, मी एकदा सायकल शोधली, तर नंतर सगळीकडे सायकलीच दिसायला लागल्या. मोबाइलला कसं कळतं?” एकीनं विचारलं. तेही सांगते. आपण काय शोधतो, काय बघतो, कुठे थांबतो, याची नोंद ठेवली जाते आणि त्यावरून जाहिरात निवडली जाते. मुलांच्या बाबतीत हे योग्य आहे का? अमेरिकेत १९९८ सालीच यासाठी कायदा झाला. तो मोडून मुलांची माहिती गोळा केली म्हणून २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवू नका, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती सोडू नका, असं सांगितलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तयारीसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत दिलेली आहे.

फळा खडूच्या गोलांनी भरून गेला होता. आता मूळ प्रश्न. मी म्हटलं, “या गोष्टीतला मुलगा चोर आहे का?”

अर्धा वर्ग “नाही” म्हणाला. अर्धा म्हणाला, “पण आईला न विचारता पिन टाकला ना!” दोन्ही बाजूंचं खरं होतं.

तेव्हा मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला ‘अज्ञान’ म्हणतात. रागावू नका! अज्ञान म्हणजे मूर्ख नव्हे. देवाणघेवाणीची जबाबदारी ज्याच्यावर अजून टाकता येत नाही, तो अज्ञान. सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात धर्मोदास घोष नावाच्या एका तरुणानं वयात यायच्या आधीच घर गहाण टाकून सावकाराकडून कर्ज काढलं. तो अज्ञान आहे, असं त्याच्या आईच्या वतीनं वकिलानं सावकाराच्या माणसाला आधी कळवलंही होतं. तरी कागद झाला. खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९०३ साली निकाल लागला की अज्ञानाशी केलेला करार हा करारच नव्हे. आजही वकील होणारे विद्यार्थी हा निकाल शिकतात.

मोबाइलवर मात्र गाठ अवघड होते. विकणाऱ्याला समोर मूल आहे की आई, हे दिसत नाही. आईच्या खात्यातून, आईच्या पिननं पैसे गेले, म्हणजे कागदावर खरेदी आईचीच झाली. म्हणून तर पिन ही घराच्या किल्लीसारखी गोष्ट आहे. ती पाठ असली तरी वापरायची की नाही, हे विचारूनच ठरवायचं.

पण दुकानदारालाही मोकळं सोडायचं नाही हं. फोर्टनाइट हा गेम तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्यातली बटणं अशी ठेवली होती की एखादी वस्तू नुसती पाहताना चुकून शेजारचं बटण दाबलं तरी पैसे जायचे. कितीतरी मुलांनी आईवडिलांच्या नकळत खरेदी केली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं गेमच्या कंपनीला, म्हणजे एपिक गेम्सला, ग्राहकांना परत देण्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर भरायला लावले. आयोगानं ‘मुलं बावळट होती’ असं म्हटलं नाही. बटण तसं ठेवणाऱ्याला जाब विचारला.

मग मी वर्गाला माझं उत्तर सांगितलं. तुम्हांलाही सांगते. न विचारता पिन टाकला, ही मुलाची चूक. तीन महिने लपवलं, ही त्याहून मोठी चूक, कारण पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर निदान दोन महिन्यांचे २९८ रुपये वाचले असते. पण घड्याळ खोटं होतं, ही त्याची चूक नाही. खूण आधीच केलेली होती, ही त्याची चूक नाही. रिमोट मुंगीच्या अक्षरांत लपवला होता, ही त्याची चूक नाही. आपल्या वाट्याची चूक आपण घ्यावी, पण दुसऱ्याची चूक आपल्या पाठीवर वाहू नये. फसलेला माणूस चोर नसतो.

तो मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तो मी आहे.” कुणी हसलं नाही. शेजारच्या मुलीनं त्याला आपल्या बाकावर सरकून जागा दिली.

संध्याकाळी आम्ही तिघांनी, म्हणजे त्यानं, त्याच्या आईनं आणि मी, कामाला सुरुवात केली. आधी पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ शोधून दर महिन्याची ती वर्गणी बंद केली. खरं तर असे पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसे संदेश आलेही होते, पण ते इंग्रजीत होते आणि आईनं कंपन्यांच्या जाहिराती समजून सोडून दिले होते. मग दुकानाच्या पानावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधलं. प्रत्येक ऑनलाइन दुकानानं असा अधिकारी नेमून त्याचं नाव छापायचंच असतं. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची, असा नियम आहे. पत्र मुलानंच लिहिलं. शुद्धलेखन मी तपासलं! बरोबर पानाचे फोटो जोडले, घड्याळ पुन्हा सुरू झाल्याचे सुद्धा. पोच आली, पुढे काही नाही. तेव्हा आईनं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या नंबरावर फोन केला. तिथे मराठीतही बोलता येतं.

पंधरा-वीस दिवसांनी दोन महिन्यांचे २९८ रुपये परत आले. बाकीचे आले नाहीत. ६२५ मधून २९८ गेले, म्हणजे ३२७ रुपयांचा धडा. मुलानं डब्यातले एकशेदहा आईपुढे ठेवले. आईनं त्यातले दहा त्याला परत दिले.

आता दोन शब्द पालकांसाठी. ताई, दादा, मुलाच्या हातून असं काही झालं तर पहिला प्रश्न ‘का केलंस?’ असा विचारू नका. ‘पानावर काय दिसलं होतं?’ असा विचारा. मार बसेल या भीतीनं मूल गप्प बसतं, आणि सापळ्याचं पोट त्या गप्प बसण्यावरच भरतं. पिन मुलांना सांगू नका. महिन्यातून एकदा त्यांनाच शेजारी बसवून खात्याचा हिशेब वाचा. गणिताचा याहून चांगला गृहपाठ माझ्याकडे नाही. दुकानदाराशी वाद असेल तर १९१५. पण कुणी ओटीपी काढून घेऊन, खोटी लिंक पाठवून पैसेच लुबाडले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, तो सायबर गुन्ह्यांसाठी आहे. आणि तक्रार करायला लाजू नका. आपल्या महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. मोबाइलवरची दुकानं येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं ग्राहकांसाठी एकत्र आलेली आहेत.

गोष्टीचा शेवट अजून राहिला आहे. डिसेंबरात आमच्या शाळेत बाल आनंद मेळावा झाला. मुलं स्वतः खाऊचे स्टॉल लावतात आणि गावकरी विकत घेतात. वडापावच्या स्टॉलवर एका हुशार गटानं पाटी लावली, ‘फक्त दोनच उरले!’ आणि टेबलाखाली भरलेली टोपली! मी डोळे वटारायच्या आत आमचा भोंगा तिथे पोचला. “ए, ही खोटी घाई आहे! पुसा आधी!” त्यांनी पुसली.

मग मी त्याच्या भेळेच्या स्टॉलवर गेले. पाटी त्यानं स्वतः, मोठ्या ठळक अक्षरांत लिहिली होती :

‘भेळ १० रुपये. प्लेटचे वेगळे पैसे नाहीत. घाई करू नका, अजून बादलीभर आहे.’

आणि गंमत सांगू? सगळ्यांत आधी त्याचीच बादली रिकामी झाली!

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या मोठ्यांबरोबर बसून मोबाइलवरच्या तीन जाहिराती पाहा. काही विकत घ्यायचं नाही, नुसतं पाहायचं. त्यांत ‘पर्यंत’, ‘फक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. मुंगीची अक्षरं शोधा. उलटं पळणारं घड्याळ दिसलं तर मोबाइल बाजूला ठेवून चहा होईपर्यंत थांबा, आणि ते पुन्हा सुरू होतं का ते पाहा. काय सापडलं ते मला जरूर कळवा.

तुमची,
बाई